कोंबुचा आणि आल्याचा सोडा: सामान मुंबईच्या बाजारातून घ्यावं की ऑनलाइन?

मुलुंड_पूर्व यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) आणि यीस्टवर फसफसणारा आल्याचा सोडा सुरू करायचा आहे. एका वेळी साधारण ४ लिटर. ऑनलाइन तयार 'स्टार्टर किट' दिसतात: नळ असलेली काचेची बरणी, वाळवलेला स्कोबी (चहा आंबवणाऱ्या यीस्ट-जिवाणूंची चकती), एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण), पीएच (आंबटपणा) मोजायच्या पट्ट्या, चहाचं पाकीट, जाळीचं कापड, तारेच्या झाकणाच्या चार बाटल्या. किंमत बघून वाटतं की निम्म्याहून जास्त वस्तू क्रॉफर्ड मार्केट–प्रिन्सेस स्ट्रीट पट्ट्यात सुट्या मिळतील. पण तिथे नेमकं काय मागायचं आणि काय तपासून घ्यायचं, हे कळत नाही. कोणती वस्तू दुकानातून घ्यावी, कोणती ऑनलाइन, आणि कोणती घेऊच नये?

---

गिरगावची_बरणी

किट घेऊ नका. त्यातल्या दोन वस्तू तुमच्या कामाच्याच नाहीत, आणि ज्या कामाच्या आहेत त्या सहसा सगळ्यात स्वस्त दर्जाच्या असतात.

आधी एअरलॉक. कोंबुचाला तो लागत नाही. चहातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार करतं. त्या अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू हवेवर जगतात. एअरलॉक लावून हवा बंद केली की चहा आंबट व्हायचं थांबतो आणि नुसता यीस्टचा वास मारतो. बरणीच्या तोंडाला कापड आणि रबर, बस्स.

आता ते कापड. किटमधलं जाळीचं कापड पावसाळ्यात निरुपयोगी. आंबट वासावर येणारी चिलटं त्या भोकांतून आरामात आत शिरतात, स्कोबीवर अंडी घालतात आणि दोन-तीन दिवसांत अळ्या दिसतात. मग अख्खा घाणा फेकायचा, स्कोबीसकट. मंगलदास मार्केटमधून अर्धा मीटर मांजरपाट घ्या. मलमल घेतलीत तर दुहेरी घडी करा. वापरण्याआधी एकदा उकळा, म्हणजे खळ निघून जाते.

बरणी मात्र दुकानातूनच घ्या, हातात घेऊन बघून. काळबादेवी-भुलेश्वर भागात काचेच्या बरण्यांची दुकानं आहेत. ४ लिटरच्या घाण्याला ५ लिटरची बरणी लागते, तोंड किमान १० सेंटीमीटर रुंद, म्हणजे धुताना हात आत जातो. उजेडाकडे धरून काचेतले बुडबुडे आणि केसासारख्या रेघा बघा. कडेवरून बोट फिरवा, कपचा उडालेला लगेच लागतो. सपाट फळीवर ठेवून डुलते का तेही बघा. तळ वाकडा असेल तर ४ लिटरच्या वजनाने ताण एकाच बाजूला येतो. आणि या साध्या काचेत उकळता चहा कधीही ओतू नका. गारच बरणीत गरम चहा पडला की तळाला गोल तडा जातो आणि सगळं ओट्यावर.

लोणच्याची चिनीमातीची बरणी घरात असेल तर ती लोणच्यालाच ठेवा. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आणि पीएच ३ चं द्रव त्यात आठवडाभर बसलं तर ते बाहेर ओढून घेतं. तांब्या-पितळेचं भांडं तर नकोच.

नळाची बरणी हवीच असेल तर नळ आधी बघा. बऱ्याचदा तो प्लास्टिकवर किंवा पितळेवर चकचकीत मुलामा दिलेला असतो. काही घाण्यांत मुलामा सुटतो आणि खाली हिरवट डाग दिसतात. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचा नळ वेगळा घेऊन बदलता येतो. बहुतेक बरण्यांचं भोक १६ मिलिमीटरच्या आसपास असतं, तरी मापून मगच मागवा. सिलिकॉनचा वॉशर आतून एक आणि बाहेरून एक असे दोन्ही हवेत. एकच लावला तर रात्रभरात थेंब-थेंब गळून फरशी चिकट होते. तसं पाहिलं तर साध्या बरणीतून नळीने काढून घेणं जास्त सोपं आणि धुवायलाही सोपं.

नळी फूड ग्रेड सिलिकॉनची, आतून ८ मिलिमीटर, दीड मीटर पुरते. नागदेवी स्ट्रीटवर होजपाइपच्या दुकानांत मीटरवर मिळते. तिथे 'पारदर्शक पाइप' एवढंच म्हणालात तर गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप हातात ठेवतील. तो खाण्यापिण्याच्या कामाचा नाही, आणि आंबट द्रव त्यातून गेलं की प्लास्टिकची चव उतरते. सिलिकॉन ओळखायची खूण: दुमडून सोडली की वळ राहत नाही, आणि काचेसारखी स्वच्छ नसून किंचित दुधी दिसते.

चालायचा रस्ता असा ठेवा: मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट, तिथून लोहार चाळीवरून मंगलदास, मग क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट, नागदेवी आणि मस्जिद स्टेशनवरून परत. बरणी शेवटी घ्या, नाहीतर पाच लिटरचं काचेचं ओझं सगळीकडे फिरवत बसाल. मस्जिदहून मुलुंडची लोकल आहेच, फक्त संध्याकाळी सहाच्या गर्दीत काच घेऊन चढू नका.

---

पीएच_३

वरच्याला पूर्ण अनुमोदन. मोजमाप आणि रसायनांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रिन्सेस स्ट्रीटवर गोंधळ तिथेच होतो.

पीएच पट्ट्या: किटमध्ये १ ते १४ ची पट्टी येते. ती आपल्या काही कामाची नाही. आपल्याला ४.५, ४.२, ३.५ आणि ३.० यांतला फरक कळायला हवा, आणि त्या पट्टीवर हे चारही रंग नारिंगीच्या जवळपास सारख्याच छटा. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात 'नॅरो रेंज पेपर, २ ते ४.५' असं मागा. पुस्तिकेसारखा येतो, स्वस्त असतो आणि हवाबंद डबीत ठेवला तर वर्षभर चालतो. पट्टी चहात बुडवू नका, चमच्याने एक थेंब टाका आणि थेंबाच्या कडेचा रंग वाचा. मधोमध चहाचा स्वतःचा रंग मिसळतो.

पीएच मीटर ऑनलाइन घेतला तरी चालतो, पण एक लक्षात घ्या: स्वस्त पेनच्या पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून तो तेवढा अचूक नसतो. ०.१ इकडे-तिकडे धरूनच चाला. ४.०१ आणि ६.८६ (किंवा ७.००) अशा दोन बफरवर (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणांवर) जुळवून घ्यावा लागतो. बफरच्या कॅप्सूल प्रिन्सेस स्ट्रीटवर सुट्या मिळतात, ऑनलाइन पुड्या महाग पडतात. मीटर मरतो तो कोरडा ठेवल्याने किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवल्याने. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं साठवण-द्रावण दोन थेंब हवं. पहिल्याच वर्षात मीटर 'बिघडला' अशा ज्या तक्रारी वाचता, त्यातल्या बऱ्याच याच कारणाच्या.

महिन्यातून एखादा घाणा घालणार असाल तर मीटर नको, कागदच पुरे.

हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून त्यातली साखर मोजायची काचेची नळी) मागितला तर दुकानदार विचारेल 'रेंज?' उत्तर: १.००० ते १.१००, पाण्यापेक्षा जड द्रवांसाठी. ०.७०० ते १.००० वाला स्पिरिटसाठी असतो, तो साखरेच्या पाण्यात बोंडासारखा वर तरंगेल. दुधाचा लॅक्टोमीटर हीसुद्धा तीच वस्तू आहे: त्यावरचं ३० म्हणजे १.०३०, एक घर म्हणजे ०.००१. आपलं सुरुवातीचं गोड पाणी ८ टक्क्यांचं, म्हणजे १.०३२ च्या आसपास, त्यामुळे लॅक्टोमीटरच्या पट्टीत ते बसतं आणि घरंही बारीक मिळतात. दांडीवर किती तापमानाला जुळवलाय ते छापलेलं असतं, कुठे १५.५, कुठे २०, कुठे २७ अंश. २० वाला ३० अंशांच्या द्रवात टाकलात तर तो सुमारे ०.००२५ कमी दाखवेल, तेवढे मिळवा. आणि फसफसणाऱ्या द्रवात थेट टाकू नका. बुडबुडे चिकटून त्याला उचलतात. आधी दोन पेल्यांत इकडून तिकडे ओतून वायू घालवा.

ऑनलाइन दिसणारा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या उजेडावरून साखर मोजणारं यंत्र) दिसायला छान, पण किण्वन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे तो उरलेली साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. सुरुवातीची साखर मोजायला ठीक, नंतर नाही.

रसायनांत एकच गोष्ट पक्की धरा: पुडीवर किंवा बरणीवर 'एलआर' किंवा 'एआर' असेल तर ते प्रयोगशाळेसाठी, पोटात जाण्यासाठी नाही, मग शुद्धता ९९.५ टक्के लिहिलेली का असेना. लिंबूफूल असो की केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), 'फूड ग्रेड' आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक छापलेलं सीलबंद पाकीटच घ्या. गोणीतून काढून सुटं बांधून दिलेलं नको. फूड ग्रेडसाठी क्रॉफर्ड मार्केट परिसरातली बेकरी सामानाची दुकानं प्रिन्सेस स्ट्रीटपेक्षा बरी.

निर्जंतुक करायला केएमएस १० ग्रॅम आणि लिंबूफूल १० ग्रॅम, एका लिटर पाण्यात. बाटल्या आतून भिजवून पाच मिनिटं ठेवा, ओता, निथळू द्या. वास नाकात झोंबतो, खिडकी उघडी हवी, घरात कुणाला दमा असेल तर हा मार्ग सोडून गरम पाणीच वापरा. कोंबुचाच्या बरणीला केएमएस नकोच. त्यातला गंधकाचा वायू स्कोबीच्या जिवाणूंनाही मारतो. तिथे गरम पाण्याने धुऊन थोड्या व्हिनेगरने खळबळून घेतलं की झालं.

---

दादरचा_सोडावाला

बाटल्यांबद्दल लिहितो, कारण यात पैसे वाचवायला गेलं तर हात कापतो.

सजावटीच्या दुकानात आणि ऑनलाइनही तारेच्या झाकणाच्या चौकोनी बाटल्या मिळतात. तेलाला, सरबताला उत्तम. वायू भरलेल्या पेयाला अजिबात नाही. चौकोनी काचेत दाब कोपऱ्यांवर साचतो आणि बाटली तिथेच फुटते. गोल, जाड बुडाची, वजनाला जड बाटली हवी, आणि विक्रेत्याने दाबाच्या पेयासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'एअरटाइट' लिहिलं असेल तर पुढे चला.

दाब किती येतो ते बघा. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे १ आकारमान वायू तयार होतो, म्हणजे एक लिटर पेयात एक लिटर कार्बन डायऑक्साइड. चांगल्या फसफसणाऱ्या सोड्यात २ ते ३ आकारमान असतात. ३ आकारमान वायूची बाटली ३० अंशांच्या खोलीत ठेवली तर आतला दाब ५० पीएसआयच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दीडपट. तीच बाटली ४ अंशांवर फ्रीजमध्ये असेल तर १५ पीएसआय. फरक फक्त तापमानाचा, कारण गार द्रवात वायू विरघळून राहतो. आता लिटरला ८० ग्रॅम साखर घातलेला आल्याचा सोडा बंद बाटलीत मे महिन्यात ओट्यावर विसरलात तर हिशोब २० आकारमानांचा होतो. तो हिशोब कोणतीच काच पुरा करत नाही.

म्हणून सुरुवात प्लास्टिकच्या बाटल्यांनी करा. सोड्याच्या, कोल्याच्या १ किंवा २ लिटरच्या रिकाम्या बाटल्या. पाण्याच्या नाहीत, त्या पातळ असतात आणि बूड फुगून उलटं होतं. सोड्याची बाटली दाबासाठीच बनवलेली असते, तळाला पाच पाकळ्यांसारखे पाय असतात ती. बोटाने दाबून आत किती वायू झालाय ते कळतं, काचेत ते कळत नाही. बाटली आधी दाबून थोडी हवा काढून झाकण लावा. ती स्वतःहून ताठ झाली आणि अंगठ्याने दबेना की लगेच फ्रीजमध्ये. थंडीच्या गावात याला तीन दिवस लागत असतील, मुंबईत ३०–३२ अंशांना २४ ते ३६ तासांत होतं. परदेशी पाककृतीतले दिवस इथे धरू नका.

काच हवीच असेल तर भंगारवाल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या तपकिरी बिअरच्या बाटल्या. दाबासाठी बनवलेल्या, आणि जवळपास फुकट. तोंडाच्या कडेवर नख फिरवून कपचा तपासा, आत टॉर्च मारा. फिनेल, रॉकेल, ॲसिड असा कुठलाही वास आला तर ती तिथेच ठेवा. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवल्या की लेबल आपोआप सुटतं. बूच २६ मिलिमीटरचं. काही परदेशी बाटल्यांना २९ लागतं, त्या बाजूला काढा. पिळून उघडणाऱ्या झाकणाच्या बाटल्याही नकोत, त्यांच्या पातळ ओठावर बूच नीट बसत नाही. बूच दाबायचं दोन दांड्यांचं हातयंत्र आणि शंभर बुचांचं पाकीट मात्र ऑनलाइनच मागवा. बाजारात बुचं पोत्याने विकतात, शंभरासाठी कुणी वेळ घालवत नाही.

---

मुलुंड_पूर्व

खूप आभार तिघांचेही. वरच्या हिशोबावरून एक शंका. बाटलीत भरताना लिटरला मोजून ८ ग्रॅमच साखर घातली तर २ आकारमानांच्या वर वायू जाणारच नाही ना? मग बाटल्या बाहेर ठेवल्या तरी सुरक्षित, बरोबर?

---

पीएच_३

नाही. हा हिशोब तेव्हाच लागू होतो जेव्हा बाटलीत भरायच्या आधी सगळी साखर संपलेली असते. कोंबुचाचा पहिला, म्हणजे बरणीतला, टप्पा संपतो तेव्हा त्यात लिटरला ३०–४० ग्रॅम साखर अजून शिल्लक असते. म्हणून तर तो आंबटगोड लागतो. आल्याच्या सोड्यात तर जवळपास सगळीच शिल्लक असते. तुमचे ८ ग्रॅम त्यावर पडतात. यीस्ट ८ ग्रॅम खाऊन थांबत नाही.

त्यामुळे थांबवणारी गोष्ट एकच, फ्रीज. काचेच्या बाटल्या भरताना त्याच घाण्यातली एक छोटी प्लास्टिकची बाटली साक्षीदार म्हणून भरा आणि त्याच कोपऱ्यात ठेवा. ती ताठ झाली की सगळ्याच आत. फ्रीजमध्येही यीस्ट अगदी मरत नाही, मंदावतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपवा.

फळ घालणार असाल तर त्याची साखर धरा. ५० मिलिलिटर हापूसच्या गरात साधारण ७–८ ग्रॅम साखर असते, डब्यातल्या गोड केलेल्या गरात त्याहून जास्त. शिवाय गर तोंडाशी साचतो आणि उघडताना कारंजं उडतं. गाळून रसच घाला.

---

काळाचौकी_के

याच यादीत मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि बिअरचं यीस्ट मिळेल का? म्हणजे सामान तर जवळपास तेच.

---

गिरगावची_बरणी

सामान तेच असलं तरी कायदा तोच नाही. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा त्यात गुन्हा आहे, घरी स्वतःपुरती का असेना. मॉल्ट-हॉप्स विकणं वेगळं, त्यातून बिअर बनवणं वेगळं. दुकानदाराने विकलं म्हणून करायला परवानगी मिळाली असं होत नाही.

याच कारणासाठी कोंबुचावाल्यांनीही साखर वाढवत बसू नये. एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्यात धरलं आहे. वर ४ ग्रॅमला १ आकारमान सांगितलंय, त्याच ४ ग्रॅममधून सुमारे पाव टक्का अल्कोहोलही निघतं. म्हणजे बाटलीतल्या २ आकारमान वायूबरोबर अर्धा टक्का येतो. कोंबुचाच्या पहिल्या टप्प्यात तयार झालेलं त्यात मिळवा, ते जिवाणू आम्लात बदलत असतात म्हणून कमी राहतं, पण शून्य नसतं. लहान मुलांना देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वायू मध्यम, बाटली लवकर फ्रीजमध्ये.

हॉप्सचा वासच आवडत असेल तर पेलेट ऑनलाइन मिळतात. तयार कोंबुचात लिटरला १ ते २ ग्रॅम, कापडाच्या पुरचुंडीत बांधून, फ्रीजमध्ये दोन दिवस. छान कडवट वास उतरतो. पाकीट उघडलं की हवा काढून फ्रीजरमध्ये, नाहीतर चीजसारखा कुबट वास धरतं.

---

जिवाणू_जपणारी

ऑनलाइन काय घ्यावं याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून हे.

स्कोबी वाळवलेला घेऊ नका. जिवंत, ओला घ्या, आणि सोबत किमान २०० मिलिलिटर जुनं आंबट द्रव असेल तरच. खरं काम ती चकती करत नाही, ते द्रव करतं. नव्या चहात १० ते १५ टक्के ते द्रव टाकल्यावर पीएच पहिल्याच क्षणी ४.५ च्या खाली यायला हवा, शक्यतो ४.२ पर्यंत. बुरशीला आत येऊ न देणारं राखण तेवढंच आहे. पाकिटात चकती गुबगुबीत आणि द्रव दोन चमचे असलं तर विक्रेत्याला वस्तू कळलेली नाही असं समजा.

मागवताना वार बघा. शुक्रवारी निघालेलं पाकीट शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं आणि एप्रिल-मेमध्ये फुगून येतं. सोमवारी पाठवणारा विक्रेता निवडा. फुगलेलं आलं तर घाबरू नका, आत वायू झालाय एवढंच. सिंकमध्ये धरून कोपरा कापा. तपकिरी दोरे, लोंबणारे काळपट धागे हे यीस्ट आहे, चालतं. पृष्ठभागावर कोरडे, केसाळ, पांढरे-हिरवे-काळे ठिपके असले तर ती बुरशी. अख्खं फेका, वरचं खरवडून वापरू नका.

स्कोबी न घेताही होतं. दुकानातला बिनचवीचा, पाश्चराइझ न केलेला कोंबुचा घ्या (बाटलीत तळाला गाळ हवा), एक बाटली तेवढ्याच मापाच्या गोड चहात घाला. दोन ते तीन आठवड्यांत वर पातळ साय, म्हणजे नवा स्कोबी, धरते. मूळ कृती अशी: लिटर पाण्याला ७० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम पत्तीचा काळा चहा, १५० मिलिलिटर जुनं द्रव. सीटीसी (दाणेदार चहा) चालतो, पण कडू होतो आणि गढूळ राहतो, घेतलात तर ४ ग्रॅमच आणि चार मिनिटांत गाळा. अर्ल ग्रेसारखा तेलाचा सुगंध दिलेला चहा नको, ते तेल सायीवर बसून तिला रोगट करतं. मुंबईत पाचव्या दिवसापासून चाखत जा, सहसा पाच ते आठ दिवसांत पीएच ३.२ च्या आसपास येतो. गुळाचा मोह सुरुवातीला टाळा, त्याचे क्षार पीएच हळू उतरवतात.

यीस्ट: आल्याच्या सोड्याला बेकरीचं इन्स्टंट यीस्ट चालतं, क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकरी सामानाच्या दुकानात मिळतं. २ लिटरला अष्टमांश चमचा, जास्त नाही. तोटा एवढाच की पावाचा वास राहतो आणि गाळ भुसभुशीत असतो, बाटली हलली की वर येतो. शॅम्पेन यीस्टची ५ ग्रॅमची पुडी ऑनलाइन मिळते, ती तळाला घट्ट बसते आणि चव स्वच्छ ठेवते. पुडीवरची मुदत बघून घ्या, आणि कोरडंच घ्या. द्रव यीस्ट मुंबईच्या कुरियरमध्ये टिकत नाही. उघडलेली पुडी घडी घालून डबीत, फ्रीजमध्ये.

यीस्ट नको असेल तर आल्याचं विरजण: ४०० मिलिलिटर पाणी, रोज १५ ग्रॅम सालासकट किसलेलं आलं आणि १५ ग्रॅम साखर. साल काढलीत तर सहसा फसफसत नाही, यीस्ट मुख्यतः सालीवर असतं. इथल्या उकाड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेस धरतं. मग लिटरभर गोड पाण्याला हे विरजण ६० मिलिलिटर. दादरच्या मंडईत साताऱ्याकडचं जुनं आलं मागा, नव्यात पाणी जास्त आणि तिखटपणा कमी.

काच ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून. त्याशिवाय फुटक्या मालाची तक्रार बऱ्याचदा ऐकत नाहीत. जिवंत कल्चर तर परत घेतच नाहीत. आणि किंमत बघताना नेहमी एकमानाने बघा, शंभर पट्ट्या किती, शंभर बुचं किती. दहा पट्ट्यांचं पाकीट स्वस्त वाटतं, असतं नाही.

---

दादरचा_सोडावाला

एक भर. स्टीलच्या पातेल्यात फक्त चहा उकळायचा, आंबवायचं नाही. तांबा काट्यावर आणि भुलेश्वरला स्टील घेताना 'लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे चांगलं' असं सांगतात. २०२ या हलक्या प्रतीलाही तो चिकटत नाही. ३०४ छापलेलं किंवा बिलावर लिहून दिलेलंच घ्या.

---

मुलुंड_पूर्व

शेवटचे दोन प्रश्न. आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी आहे, पण उन्हाळ्यात टँकर येतो. बाटलीबंद पाणी घ्यावं लागेल का? आणि रविवारी गेलं तर चालेल?

---

पीएच_३

महापालिकेचं पाणी भातसा-वैतरणेसारख्या तलावांचं, मऊ असतं. त्यातला क्लोरीन तेवढा घालवायचा. झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळा, बस्स. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर प्रश्न क्लोरीनचा नसून क्षारांचा आहे: ते आम्ल खाऊन टाकतं, जुनं द्रव घालूनही पीएच ४.५ च्या वर राहतो आणि बुरशीला वाव मिळतो. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर ते पाणी तसंच. तेव्हा आरओचं पाणी घ्या, नाहीतर जुनं द्रव १५ टक्क्यांवरून २० वर न्या आणि पट्टीने तपासा.

रविवारी प्रिन्सेस स्ट्रीट आणि नागदेवी बंद असतात. शनिवारी सकाळी अकराला पोचा. पट्ट्या आणि बफर आधी घ्या, घाऊकवाले दुपारनंतर सुट्या गिऱ्हाइकाला फारसं विचारत नाहीत. जीएसटीचं बिल मागून घ्या, बफर मुदतबाह्य निघाला तर बदलायला तेच लागतं. मस्जिदला चालायचं नसेल तर मेट्रो ३ चं काळबादेवी स्थानक आता जवळ पडतं.

---

गिरगावची_बरणी

आणि मांजरपाट घेताना अर्ध्या मीटरला नाही म्हणतील, एक मीटर घ्या. चार तुकडे होतात, दोन वाळत असताना दोन वापरात.